पिंजऱ्यातलं घड्याळ

पंपावर गाडी गॅस भरायला थांबली की उतारूंनी खाली उतरून फाटकाबाहेर उभं राहायचं, हा उझबेकिस्तानात मार्गिलानच्या रस्त्यावरचा नियम. नियम केला स्फोटाच्या भीतीने. त्यातून दुसरंच काही पेटेल, हे नियम करणाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

मुअत्तर तुतीच्या झाडाखाली उभी राहिली. छातीशी शालीत गुंडाळलेला पिंजरा आणि चेहऱ्यावर ‘माझ्याशी बोलू नका’. अशा चेहऱ्याशी बोलायला जास्तच हुरूप येतो, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

“तुमचं घड्याळ बिघडलंय,” शेजारचा तरुण म्हणाला.

“माझ्याकडे घड्याळ नाही.”

“शालीत आहे ना! टिक्... टिक्... आणि मध्येच अडखळतंय.”

“शालीत पक्षी आहे. टिकटिक तुमच्या डोक्यात होत असेल.”

“डोक्यात तर कायमचीच आहे. बाजाराच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करतो मी. दोनियोर माझं नाव. पण ही टिकटिक माझी नाही... ऐका तरी.”

त्याच्या उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता. मुअत्तरच्या ओठांवर छानसा टोमणा तयार होता. तेवढ्यात तिने पिंजऱ्याला कान लावला — आणि टोमणा ओठांवरच राहिला.

आत बेक होता, तिचा लाल डोक्याचा गोल्डियन फिंच. जांभळी छाती, पिवळं पोट, हिरवी पाठ. पण पिसं फुगवून कापसाच्या बोंडासारखा बसलेला. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी खाली-वर व्हायची. आणि श्वासासरशी — टिक्.

घरात हे ऐकू येणार कसं? तिथे तिच्या मावशीचा, सनोबर-खालाचा, माग सकाळपासून खटखटायचा. श्वासनळीत बारीक किडे शिरले की पक्षी टिकटिकतो, असं मुअत्तरने ऐकलं होतं. टिकटिक मात्र कधी ऐकली नव्हती. बेकला काय झालंय ते कळेना, म्हणूनच तर ती त्याला घेऊन पाखरांच्या बाजाराला निघाली होती, कुणी जाणता भेटेल म्हणून.

“उस्ता,” कारागिराला मारतात तशी तिने हाक मारली, “आज दुकान उशिरा उघडलं तर चालेल?”

“का?”

“मला तुमचा कान हवाय.”

“फक्त कान?”

“सध्या.”

गॅस भरून गाडी बाजाराकडे गेली. हे दोघं उलट दिशेच्या गाडीत बसले.

सनोबर-खालाने मागावरूनच पाहुण्याला वरपासून खालपर्यंत मापलं. रेशमाचा भाव ठरवायलाही ती एवढा वेळ घेत नसे.

“पाखरांचा डॉक्टर का?”

“घड्याळं दुरुस्त करतो, खाला.”

“वा! म्हणजे मरायची वेळ तरी अचूक सांगशील.”

खालाचा निर्णय आधीच झालेला होता. जर्दाळूला फुलं येईपर्यंत आणखी एक पाखरू जरी गेलं, तरी ओसरीतली पाखरांची जाळी उतरवायची आणि तिथे दुसरा माग बसवायचा. खालाचंही खोटं नव्हतं. माग पोट भरतो, पाखरं दाणे खातात. पण मुअत्तर रेशमाचे रंग ठरवायची ते याच पिसांकडे बघून. एका जोडीवरून वाढवलेला हा सगळा गोतावळा हिवाळ्यापासून एकेक करून मिटत चालला होता.

“खाला, माग जरा थांबव. आम्हाला ऐकायचंय.”

“माग थांबला की चूल थांबते.”

“पाहुण्याचा चहा संपेपर्यंत तरी!”

खालाने चहा ओतला... ओततच राहिली. मानाच्या पाहुण्याला घोटभरच ओततात; हा प्याला काठोकाठ भरला.

“अरे बापरे,” दोनियोर हसला. “पाहुण्याला ‘नीघ’ म्हणायची एवढी घाई?”

“समजतं ना? मग पी आणि नीघ. तोवरच माग थांबेल.”

“पितो की.”

आणि तो प्यायला लागला — असा, की जणू चिमटीने एकेक थेंब उचलतोय. काठोकाठ प्याल्याचा अपमान सावकाश प्यायला, तर फार वेळ पुरतो! खाला आपल्याच शब्दात अडकली. माग गप्प झाला आणि घरात कधी नव्हे ती शांतता पसरली.

मुअत्तर एकेक फिंच अलगद मुठीत धरायची, दोनियोर कान लावायचा. “हा टिकटिकतोय... ही ठीक आहे... हा — थांबा, श्वास रोखा जरा.”

“पक्ष्याने?”

“तुम्ही. तुमचाच ऐकू येतोय.”

टिकटिकणारे एका पिंजऱ्यात गेले, बाकीचे दुसऱ्यात. खात्री करायला तिने खोलीचे पडदे ओढले, बेकच्या गळ्यावरची पिसं पाण्याने ओली करून बाजूला सारली, मागे टॉर्च धरला. दोनियोरने आपलं भिंग तिच्या डोळ्याशी नेलं. पातळ कातडीतून श्वासनळी उजळली, आणि तिच्यात काळे ठिपके... मिरीची पूड सांडावी तसे.

“तेच!” ती पुटपुटली. तिचे केस त्याच्या गालाला लागले होते. दोघांनाही ते कळलं होतं. दोघांनीही कळू दिलं नाही.

तो मागे सरला आणि खोकला. “इथे धूर कसला?”

“इसिरिकच्या वाळक्या पाल्याचा. नजर लागू नये म्हणून रोज संध्याकाळी जाळीभोवती फिरवते.”

मार्गिलानात सर्दी झाली, इसिरिक जाळा. मूल जन्मलं, इसिरिक. नवी गाडी आली, तिच्या चाकांनाही धुरी! त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

“नाव मुअत्तर, म्हणजे सुवासिक,” दोनियोर म्हणाला, “आणि श्वास अडलेल्या पाखरांना धुरी?”

ती रागावून वळली... आणि तिथेच थबकली. राग खरा होता, पण त्याचा पत्ता चुकला होता. मग ती उठली, धुरीचा तवा अंगणात नेला, त्यावर घागरभर पाणी ओतलं.

“चूक माझी,” ती ठणकावून म्हणाली. “आता दुरुस्तही मीच करणार. बघालच तुम्ही.”

“बघायला रोज येऊ?”

“कान घेऊन या.”

जनावरांच्या औषधांच्या दुकानातून औषध आलं. मानेवरची पिसं फुंकून बाजूला सारायची आणि कातडीवर एक थेंब. ठरल्या दिवसांनी पुन्हा. दोनियोर रोज दुकान बंद करून यायचा, खाला रोज काठोकाठ प्याला भरायची, तो रोज थेंबाथेंबाने प्यायचा. बाकीची पाखरं हळूहळू गप्प झाली — म्हणजे बरी झाली. बेक मात्र टिकटिकतच होता. मध्ये एकदा तर तो दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. खालाने कुणाला काही न विचारता ओसरीची मापं घेतली. मुअत्तरने दाणे चमच्याने त्याच्यापुढे नेले आणि खालाकडे पाहून म्हणाली, “माप पुसून टाक. तो उठणार.”

पुढच्या आठवड्यात कुंपणालगतचा जर्दाळू फुलला. दोनियोर आला तेव्हा बेक वरच्या दांडीवर होता. त्याने कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“काय?” मुअत्तरचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला.

“काहीच नाही. अगदी काहीच ऐकू येत नाही...”

आणि बेक गायला लागला. गोल्डियनचं गाणं ते केवढं, कुजबुज जेमतेम! पण माग केव्हाच थांबला होता. खालाने तो कुणी न सांगताच थांबवला होता.

“झालं तर,” दोनियोर भिंग खिशात ठेवत म्हणाला. “कानाचं काम संपलं.”

“संपलं?”

“एक टिकटिक राहिलीय. पण ती पिंजऱ्यातली नाही.” त्याने छातीवर हात ठेवला. “पंपापासून सुरू आहे. सांगायचं धाडस—”

“मला तेव्हाच ऐकू आली होती,” मुअत्तर म्हणाली. “मी वाट बघत होते, दुरुस्त करणारा आपलं घड्याळ कधी उघडतोय.” मग थांबून, पहिल्यांदाच, ‘उस्ता’ न म्हणता, नावाला आपुलकीचं ‘अका’ जोडून: “दोनियोर-अका... माझंही घड्याळ वेळ चुकत नाही हं.”

मागे खोकल्याचा आवाज आला. खाला चहाची किटली घेऊन उभी होती. दोनियोर मुकाट बसला, काठोकाठ प्याल्याची तयारी ठेवून.

खालाने ओतलं — आणि लगेच किटली उचलली. तळाशी जेमतेम एक घोट.

दोनियोर प्याल्याकडे बघतच राहिला.

“बघतोस काय?” खाला म्हणाली. “पी पटकन, म्हणजे परत ओतता येईल. आणि गुरुवारी आईला पाठव. तिलाही एवढाच ओतीन.”