हरलेल्या वकिलांचा पत्ता

हर्षा रागाने चालायला लागली की तिला समोरचं दिसत नाही. त्या शुक्रवारी सिंगापुरातल्या सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये तेच झालं. बाहेर दुपारचा पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता, आत जेवणाऱ्यांची झुंबड, आणि ही एका हातात नूडल सूपचा ट्रे, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर बसली. टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलेलं होतं. या शहरात त्या पाकिटाला केवढा मान! ते ठेवलं की जागा ‘चोप’ झाली, म्हणजे अडवली. भलाभला माणूस ट्रे घेऊन ताटकळत उभा राहील, पण तिथे बसायचा नाही. बुकित पंजांगला लहानाची मोठी झालेल्या हर्षाला हे कुणी सांगायला नको होतं. पण दिसलं तर ना!

“एक्सक्यूज मी, धिस वन चोप्ड...” डोक्यावरून आवाज आला.

“मेल्याला आत्ताच यायचं होतं,” मान वर न करता ती मराठीत पुटपुटली.

“मेल्याला तसा उशीरच झाला,” उत्तरही मराठीतच आलं. “चिकन राईसच्या रांगेत अडकला होता.”

हर्षाने चमकून वर पाहिलं. खांद्यावर भिजलेला शर्ट, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि त्यांच्यामागे हसणारे डोळे... तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण ती वकील होती. चूक कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं.

“बसा,” ती ऐटीत म्हणाली.

“आभारी आहे. माझ्याच टेबलावर मला जागा दिलीत.” तो बसला. “मी उज्ज्वल. नागपूरचा, आता बुकित बातोकचा. इतका राग कुणावर?”

“चॅटबॉटवर.”

“नशीबवान आहे.”

एरवी असल्या बोलण्यावर तिने ट्रे उचलला असता. पण राग कुणाला तरी सांगितल्याशिवाय सूप घशाखाली उतरणार नव्हतं. तिने सांगितलं. पलीकडच्या गल्लीत, किराणा दुकानाच्या वर तिचं छोटंसं ऑफिस होतं. जहाजांवर जायबंदी झालेल्या खलाशांसाठी ती लढायची. गेल्या वर्षी इंजिन रूममध्ये डोळा गमावलेल्या एका फिटरची केस तिने एकटीने जिंकली होती. समोर जहाजाच्या मालकाकडून उभी होती काचेच्या इमारतीतली एक मोठी फर्म.

“आणि आज मी सहज विचारलं, जखमी खलाशाने सिंगापुरात कुठल्या वकिलाकडे जावं? तर हा शहाणा कुणाचं नाव सांगतो? त्या फर्मचं! आणि दाखला कुठल्या केसचा? माझ्या!”

“म्हणजे... जी हरली तिचं?”

“हो! आयत्या बिळावर नागोबा! आमच्याकडे येणारा खलाशी आता फोनला विचारून येतो. फोनने माझं नाव घेतलं नाही तर ऑफिसला कुलूप लावायचं मी. आणि खलाशांनी जायचं कुठे? मालकाच्या वकिलांकडे?”

उज्ज्वलचा चमचा हवेतच थांबला होता. हर्षाला वाटलं, किती मनापासून ऐकतो हा!

“मी... हेच काम करतो,” चमचा खाली ठेवत तो म्हणाला. “लोकांची नावं या उत्तरांत यावीत म्हणून त्यांची वेबसाइट लिहितो. तुम्हाला मदत केली तर चालेल?”

मग दर शुक्रवारी तेच टेबल, तेच पाकीट. तो तिचं लिखाण वाचायचा आणि कपाळाला हात लावायचा.

“तुझं वाक्य संपेपर्यंत जहाज मुंबईला पोचतं, हर्षा. खलाशी काय विचारतो? ‘हात मोडला, कंपनी घरी पाठवतेय, काय करू?’ एवढ्याचंच उत्तर लिही ना.”

“तू लिही मग!”

“मी लिहिलं तर तू अशी डोळे वटारून बघशील का माझ्याकडे?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तिला कोथिंबीर आवडत नाही म्हणून तो न बोलता तिच्या वाडग्यातली पानं वेचून स्वतःच्या ताटात घ्यायचा. टिश्यूच्या पाकिटांवर तुझं नाव छापून वाटू या, असं त्याने एकदा सुचवलं. “वकील आहे मी, पापडाचा कारखाना नाही!” ती कडाडली, आणि ऑफिसचा जिना चढताना एकटीच हसली. गुरुवारी रात्री तिला झोप लागेनाशी झाली होती. प्रेमात पडलेल्या माणसाची अशीच गत होते, आणि हर्षा चांगली गळ्यापर्यंत बुडाली होती.

मग बाबाजी आला. रत्नागिरीकडचा मरीन इंजिनियर, हात प्लास्टरमध्ये. खालच्या दुकानात पोहे घ्यायला आला होता. जिन्यातली पाटी दिसली म्हणून वर चढला.

“मॅडम, फोनने सांगितली त्या फर्मला मी विचारलं. ते म्हणाले, आम्ही मालकांचे वकील, तुमची केस घेत नाही. म्हटलं, एवढे मोठे नाही म्हणतात, तर आपलं कोण घेणार? कंपनी घरी पाठवतेय, उद्याचं विमान आहे माझं.”

“विमान जाऊ दे,” हर्षा म्हणाली. तिने कोरी फाईल पुढ्यात ओढली. माणूस पोह्यांमुळे वाचला! पोहे संपले नसते तर?

शुक्रवारी तिने हे सगळं उज्ज्वलला सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं.

“हर्षा... त्या फर्मच्या वेबसाइटवर तुझ्या केसचं जे पान आहे, ते मी लिहिलंय.”

“तू?”

“त्यांना खलाशांच्या खटल्यांवर काहीतरी हवं होतं. मी तुझी केस निवडली. कोर्टाने भरपाई दिली, असं लिहिलं. वकिलाचं नावच घातलं नाही. वर फर्मचं नाव होतं, बाकीचं चॅटबॉटने जुळवलं. खोटं एकही वाक्य नाही त्यात...”

“आणि खरंही एक नाही! पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?”

“हो.”

“आणि माझ्या वाडग्यातली कोथिंबीर वेचत बसलास!” आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. “एका माणसाच्या हाताची भरपाई बुडत होती, उज्ज्वल. तुझं सफाईदार लिहिणं वाचून!”

“तुला सांगितलं तर तू उठून जाशील... म्हणून नाही बोललो.”

“बरोबर ओळखलंस.” आणि ती उठून भर पावसात चालती झाली.

पुढचे शुक्रवार तिने ऑफिसातच बिस्किटं खाऊन काढले. राग होताच, पण रागाच्या खाली जे दुखत होतं, ते रागापेक्षा मोठं होतं.

एका सोमवारी बाबाजी दोन खलाशांना घेऊन जिना चढून आला.

“हे माझ्यामुळे नाही आले हां, मॅडम. काल आमच्या खलाशांच्या क्लबात एक चष्मेवाला आला होता. दर रविवारी येतो म्हणे. प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगतो, फोनचं ऐकू नका, डोळेवाली केस जिंकली ती हर्षा मॅडमने, सेरंगूनला, दुकानाच्या वर. मी विचारलं, तुम्हाला काय मिळतं यातून? तर म्हणाला, पत्ता मीच चुकवलाय, तो मीच सुधारायला हवा.”

हर्षाने खिडकीकडे तोंड फिरवलं. “आणि ते पान?”

“काढायला लावलं म्हणाला. वकिलाच्या जाहिरातीने दिशाभूल केलेली चालत नाही, हे त्याने त्या फर्मला तोंडावर सांगितलं. त्यांनी याच्या साहेबाकडे तक्रार केली, नोकरी गेली. आता दुसरी नोकरी शोधतोय. मिळाली नाही तर इथे राहायचा कामाचा पास जाईल, नागपूरला परत. फोन मात्र अजून जुनंच सांगतो. म्हणून हा दारोदार.”

त्या शुक्रवारी उज्ज्वल ट्रे घेऊन हॉकर सेंटरमध्ये शिरला, तेव्हा एकही जागा रिकामी नव्हती. नेहमीच्या टेबलाशी हर्षा बसली होती, आणि तिच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे टिश्यूचं पाकीट.

तो घुटमळला. “ही जागा... कुणाची?”

“चॅटबॉटला विचार.”

“तो चुकीचं नाव सांगतो.”

“मग मी सांगते.” कोर्टात उभी राहते तशी ती ताठ झाली. “उज्ज्वल उत्तम गजभिये. बुकित बातोक. आधी खरं बोलायला घाबरला, मग नोकरीवर पाणी सोडून खरं बोलला. माझा आहे.” आजूबाजूची टेबलं पुन्हा वळली, पण तिला पर्वा नव्हती.

त्याचा चष्मा ओला झाला होता, आणि आज पाऊस नव्हता.

“राग गेला?” त्याने हळूच विचारलं.

“मुळीच नाही. आयुष्यभर पुरेल इतका आहे.” तिने वाडगा त्याच्याकडे सरकवला. “बस आता. कोथिंबीर काढ.”