टिपेतली बारावी ओळ

"भाची झाली म्हणून काय झालं? आज तिला घरी बसवणार!" मालक गरजले.

रुग्णालयांना पीएचपी या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून देणारी त्यांची सात टेबलांची कचेरी. सोमवारपासून औषधचिठ्ठीवर अ‍ॅलर्जीचा इशारा छापणं बंद झालं होतं. एका आजीबाईंना नको ते औषध गेलं, अंगभर गांधी उठल्या. वाचल्या, हेच नशीब.

समोर कोड तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या. दीर कायम सोबत, त्यामुळे सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणायचं.

मालक त्यांना म्हणाले, "चिठ्ठीच्या फाइलमधली इशाऱ्याची प्रॉपर्टी, तो मजकूर ठेवायचा कप्पाच, तिनंच उडवली. मी त्या फाइलला कधी हात लावला नाही. पण त्या प्रॉपर्टीचं नाव प्रोग्राम चालताना तुकडे जोडून तयार होतं, शोधून सापडत नाही, एवढं हिला कळू नये?"

"मग झालंच की, वहिनी!" दीर उठलाच. वहिनींनी त्याला नजरेनंच खाली बसवलं.

भाचीचे डोळे सुजले होते. "मीच उडवली. कोड लिहायचा एडिटर ती फिकट दाखवत होता, म्हणजे वापरात नाही. सगळीकडे शोधलं, नाव कुठंच नव्हतं."

"अशा फिकट किती होत्या?" वहिनींनी विचारलं.

"बारा. पण त्यातल्या अकरांची नावं फाइलच्या डोक्यावरच्या टिपेत होती, 'दिसत नाहीत, तरी वापरात आहेत' म्हणून. त्यांना हात नाही लावला."

कचेरीत प्रोग्रामची चाचणी घेणारे काका म्हणाले, "टीप जुन्या प्रोग्रामरची. भारी काटेकोर माणूस! बारावी तो नोकरी सोडून गेल्यावर आली. रुग्णालयाचा फोन आला आणि तासाभरात इशारा सुरू. कुणी लिहिलं, देव जाणे. कोडमध्ये कुणी काय बदललं, त्याच्या नोंदी गेल्या वर्षापासूनच्याच आहेत, बारावी त्याआधीची."

"रुग्णालय फोन कुणाला करतं?"

"फक्त मालकांना."

वहिनींनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"मुलगी टीप वाचून चालली. बारावीची ओळ असती तर तिनं तीही ठेवली असती. ओळ लिहायची होती बारावी आणणाऱ्यानं. मालक, फाइलला हात न लावता तुम्हाला ते जोडलेलं नाव कसं ठाऊक?"

मालकांचा चेहरा उतरला. दीर आ वासून बघत राहिला.

"घाई होती," मालक पुटपुटले. "म्हटलं, टीप उद्या लिहू. सोमवारीच लक्षात आलं होतं माझ्या. लाज वाटली. तुझं नाव नोंदीत होतं... सोपं पडलं गं."

भाची रडली नाही. "आजीबाईंच्या घरी तू माझं नाव सांगितलंस, मामा."

मालकांनी तिच्यादेखत फोन लावला.

"नमस्कार. परवा तुम्हाला एका मुलीचं नाव सांगितलं होतं. मी खोटं बोललो."