पितळी डब्यातली बाई

चिकलठाणा एमआयडीसीत आमचा वायरलेस सेट बनवायचा छोटा कारखाना होता. रिसीव्हरचा पहिला अँप्लिफायर मी डिझाइन केला होता. अँटेनातून येणारा क्षीण सिग्नल मोठा करायचं त्याचं काम. मालक नानासाहेबांना मात्र तयार मॉड्यूल बाहेरून आणायचं होतं. "पोरीबाळींच्या सर्किटावर ऑर्डर सोडू का?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. म्हणून मला तो चालवूनच दाखवायचा होता.

चाचणीच्या सकाळी टेक्निशियन वहाबनं अँप्लिफायरचा बोर्ड बाहेरचे सिग्नल अडवणाऱ्या पितळी डब्यात बंद केला. अँटेना जोडलेली नव्हती. स्पीकरमधून नुसती खरखर यायला हवी होती, ती आली. मग तिच्याखालून एक बाई बोलली.

"आशा."

वहाब चपापला. "मॅडम, आकाशवाणी घुसली असंल."

"आकाशवाणीला माझं नाव कुणी सांगितलं?"

बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून मी इनपुट अर्थिंगला जोडला. कपॅसिटर बदलले. डब्याच्या झाकणाचे सगळे स्क्रू आवळले. आवाज उलट जवळ आला. स्पीकरच्या जाळीला तोंड लावून कुणी बोलावं तसा.

"आशा, ऐकतीस ना?"

शेवटी मी ट्रान्झिस्टरच काढून घेतला. खरखर थांबली. बाई थांबली नाही.

नानासाहेब दारात येऊन ऐकत उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"फेकून द्या तो बोर्ड. मी मॉड्यूल मागवतो."

"बोर्ड फेकायचा नाही," मी म्हटलं.

"भ्या वाटत नाय तुम्हाला?" वहाबनं विचारलं.

"वाटतं. पण सर्किट माझं आहे."

मी ट्रान्झिस्टर पुन्हा बसवला. पहिल्यांदा सोल्डर पसरलं. काढून परत केलं. मग डब्यावर वाकून म्हटलं, "इथं तुला जागा नाही. निघ."

बाईचा आवाज गेला, नुसती एकसारखी खरखर उरली. मापं घेतली, ती माझ्या हिशेबापेक्षाही चांगली निघाली. नानासाहेबांनी पुढं येऊन मीटर स्वतः वाचला.

"ऑर्डरला हाच लावा," ते म्हणाले.

संध्याकाळी गारखेड्याला घरी पोचले. चपला काढत होते तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली आणि थबकली.

"बाहेर कव्हा गेलीस गं? आत्ताच तर जेवून निजलीस."

ओट्यावर उष्टं ताट होतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

आईला मागं सारून मी दाराशी गेले.

"बाहेर ये," मी म्हटलं. "हे घरपण माझंच आहे."

आतून हळूच कडी लागली.