सरकीच्या दुधाची चव

मदुरैच्या विळक्कुत्तूण चौकात संध्याकाळची गर्दी नुकती कुठे जमायला लागली होती. परुत्तिपालाच्या, म्हणजे सरकीच्या दुधाच्या गाड्यापाशी कोदै चार पाहुण्यांना घेऊन उभी होती, आणि पाचव्याची वाट पाहून वैतागली होती. परगावच्या खवय्यांना गावातलं जुनं खाणं फिरून खाऊ घालायचं, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. पाचवा पाहुणा कोइमतूरचा, एकटाच येणार होता.

तेवढ्यात गाड्याच्या पलीकडे एक उंच माणूस दिसला. पेला हातात, नजर पेल्यात... जणू आत काहीतरी पडलंय आणि सापडत नाहीये.

"आलात एकदाचे? चला, बाकीचे खोळंबलेत," ती म्हणाली.

त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण कोदै तोवर चालायलाही लागली होती. तो निमूट मागोमाग आला. आप्प्यांसारखे पणियारम खाल्ले, खिम्याचा करी दोसा खाल्ला, कोत्तू परोटा खणखण तुकडे करत परततात त्या तव्यापाशी तर डोळे मिटून उभा राहिला. शेवटी थंडगार, दुधाच्या जिगरठंड्याचे पेले हातात आले आणि कोदैचा फोन वाजला. कोइमतूरच्या पाहुण्याची बस वाटेत बंद पडली होती. तो येणारच नव्हता.

तिनं फोन ठेवला. "मग तुम्ही कोण?"

"नंबी. तिरुक्कुरुंगुडीचा."

"आधी सांगायचं नाही?"

"दोनदा प्रयत्न केला. तुम्ही पणियारमबद्दल इतक्या रंगून बोलत होतात – मध्ये तोडवेना."

कोदैच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सावरत तिनं विचारलं, "बरं, आलातच आहात तर सांगा. काय आवडलं?"

"कोत्तू परोटा."

"चव?"

"नाही. त्याचा आवाज."

थट्टा समजून ती हसली. तो हसला नाही. कुन्नूरला एका चहाच्या कंपनीत तो चव पारखायचं काम करत होता. मागच्या वर्षी ताप आला, उतरला, आणि जाताना नाकातली वासाची जाणीव घेऊन गेला. आंबट, गोड, तिखट जिभेला कळायचं. त्यापलीकडे सगळं कोरं. उपचारांसाठी तो इथे बहिणीकडे येऊन राहिला होता.

"तुम्ही म्हणालात, सरकीच्या दुधाची चव अप्रतिम आहे," तो सावकाश म्हणाला. "मी कधी प्यायलोच नव्हतो हे. अप्रतिम म्हणजे... कशी?"

 कोदै पाहुण्यांना रोज तेच शब्द ऐकवत होती, आणि आजवर कुणी त्या शब्दांच्या पोटात हात घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाड्यावर गेली. तिसऱ्या घोटाला गाडेवाले मुत्तैया अण्णा म्हणाले, "काय गं पोरी, दूध बिघडलंय का माझं?"

"नाही अण्णा. तुम्ही ओता, मला विचार करू द्या."

संध्याकाळी नंबी पुन्हा चौकात दिसला. सहजच आलो, म्हणाला. कोदैनं त्याच्या हातात पेला दिला. "ऐका. आधी गुळाचा वास येतो. घरात कुणी पाहुणं येणार असलं की जसा येतो, तसा. मग सुंठ लागते. ती घशात खाकरून स्वतःच ओळख करून देते. आणि सगळ्यात शेवटी सरकी. उन्हात तापलेलं पोतं असतं ना, त्यात तोंड खुपसल्यासारखं."

त्यानं घोट घेतला. 

"कळलं काही?" तिनं विचारलं.

"वास नाही आला. पण पोतं दिसलं."

मग ते रोजचंच झालं. पाहुणे गेले की दोघं मासी रस्त्यानं चालायची. ऐप्पसी महिन्यातली पावसाची सर आली की कुठल्यातरी पत्र्याखाली उभं राहायचं, आणि तिथे जे शिजत असेल त्याचं वर्णन कोदैनं करायचं. पणियारम म्हणे बाहेरून रागीट, आतून मऊ.

"ओळखीचं वाटतंय कुणीतरी," नंबी म्हणाला.

"मी पणियारमबद्दल बोलतेय."

"मीही."

ती दुसरीकडे पाहू लागली, पण ओठ काही ऐकेनात. आणखी एक गोष्ट होत होती. पाहुण्यांशी बोलताना 'अप्रतिम' हा शब्द तिच्या तोंडून गळून गेला होता. घरी आईनं वाढलेला मिऱ्यांचा साधा मिळगु रसमसुद्धा ती आता थांबून, चाखून पिऊ लागली होती. मिरी आधी की चिंच आधी, हे उद्या कुणाला तरी सांगायचं असे.

आणि एक दिवस नंबी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलेना. कोदैनं बहिणीचं घर शोधून काढलं.

शिवकामी अक्कानं दार उघडलं. "तूच का ती? मागच्या ओसरीवर आहे, सामान बांधतोय. समजाव बाई, माझं ऐकत नाही."

नंबी पिशवीत कपडे कोंबत होता. तिला पाहून थांबला.

"डॉक्टर म्हणाले, वास आता परत यायचा नाही," तो म्हणाला. "कंपनी हिशेबाच्या खोलीत जागा देतेय. उद्या निघतो."

"आणि मला सांगणार नव्हतात?"

तो खाली बसला. "अक्का बाजारात गेली होती. चुलीवर डाळ होती, भाची माझ्यामागे पाळण्यात. मी वाचत बसलो होतो. डाळ जळली, खोली धुरानं भरली, पोर खोकायला लागली तेव्हा मला कळलं, कोदै. तेव्हा." त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्यासारख्यानं कुणाच्या घरात असू नये. आणि तुमचं तर सगळं जगच वासाचं."

पोरगी ठीक होती. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. पण तो जो घाबरला होता, तो अजून तिथेच, त्या धुरात बसलेला होता. कोदै त्याच्याशेजारी पायरीवर टेकली.

"डाळ जळली म्हणून कुणी माणूस टाकून देत नाही," ती म्हणाली. "मला वास येतो. एका घराला एक नाक पुरतं."

त्यानं चमकून पाहिलं. आपण काय बोलून गेलो हे कोदैलाही तेव्हाच कळलं. पण तिनं शब्द मागे घेतले नाहीत.

"आणि त्या घरात मी काय करायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"कशी आहे, म्हणून विचारायचं. सहा वर्षं मी लोकांना खाऊ घालतेय, नंबी. सगळे खातात, फोटो काढतात, जातात. मला चव सांगायला तू लावलीस."

'तू' ऐकून त्याची मान खाली गेली, आणि कानापर्यंत हसू पसरलं. मग ते मावळलं. "नोकरी तर कुन्नूरलाच आहे. तिथे मिळून मिळून काय मिळतं? वर्की. एक कडक बिस्कीट."

"कसं लागतं?"

"मला आता कुठे..."

"आताचं नाही. तेव्हाचं सांग."

 त्यानं डोळे मिटले. "पहाटे भट्टीतून निघतं," तो अडखळत म्हणाला. "आधी तुपाचा वास... नाही, आधी लाकडाचा. निलगिरीच्या ओल्या लाकडाचा. मग तूप. वर्की चहात बुडवली की चहाचा वास बदलतो. कोवळ्या पानाचा होतो, धुकं पडल्यावर मळ्यात येतो तसा. थोडा हिरवा. थोडा... एकटा."

बोलता बोलता त्याचा आवाज पक्का होत गेला. वर्षभर ज्याकडे पाहायची त्याला भीती वाटत होती, ते सगळं तिथेच होतं, एकही पान न हललेलं. आता कोदैच्या हातात पेला नव्हता, तोंडात घास नव्हता, पण तिला ते लागलं. जिभेवर, अगदी नीट.

"तिथेही खवय्ये येतात का रे?" तिनं विचारलं.

"खूप येतात."

"त्यांना खाऊ घालत हिंडवणारं कुणी आहे?"

"नाही."

"मग उद्या एकटा निघू नकोस," कोदै म्हणाली. "रविवारी आधी आमच्या घरी ये. आईशी बोल."