तीन वेढ्यांची तार

या मंडळी, जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरकावं, जागा आहे. एका जुन्या जीपची, तिच्यातल्या हातभर तारेची आणि एका भल्या माणसाच्या अब्रूची गोष्ट सांगायची आहे. कान इकडे द्या आणि चित्तही इकडेच ठेवा, कारण दोषी माणूस तुमच्या डोळ्यांसमोरूनच जाणार आहे.

दुपारी दोनला आत्यांच्या दाराची बेल वाजली. खाजगी तपास करणाऱ्या या बाईंना लहानथोर सगळे आत्याच म्हणत. दारात वायरमन उभा होता, घामाने निथळत.

"आत्या, चार वाजता फौजदार मला न्यायला येतायत. काल आबांची जीप बोगद्यात भिंतीवर आदळली. आबा अजून शुद्धीवर नाहीत. सगळे म्हणतात, माझ्यामुळे."

खुर्चीतून मास्तर उठले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते आत्यांच्या प्रत्येक तपासात असत, फक्त एक पाऊल मागे. "आधी पाणी घ्या. आणि बाहेर छत्री राहिलीय तुमची."

"माझी नाही. ती हिरवी छत्री तुमचीच असेल."

"हिरवी? अहो, लालभडक आहे ती! पार बावरलाय बिचारा."

आत्यांनी एकदा छत्रीकडे आणि एकदा वायरमनकडे पाहिलं. "काम काय केलं होतंत?"

"पन्नास वर्षांची जीप. आतलं तांबं गंजून हिरवं पडलेलं. गेल्या महिन्यात एकूण एक तार काढून नवी टाकली. जुन्या तारा पोत्यात भरून आबांच्या घरी दिल्या. मी नेहमीच देतो. काल बोगद्यात दिवे लागलेच नाहीत. आणि फौजदारांनी स्टिअरिंगपुढची फळी उघडली तर दिव्यांच्या बटणामागे एक गंजकी तार!"

"एखादी राहून गेली असेल," मास्तर म्हणाले.

"देवाशप्पथ नाही! तसं असेल तर हात झडोत माझे."

ज्या गॅरेजाच्या एका कोपऱ्यात वायरमन काम करी, तिथेच जीप नाक चेपून उभी होती. आत्या फळीखाली वाकल्या. नव्या तारा रंगीबेरंगी होत्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना मेण लावलेला दोरा गुंडाळलेला होता.

"नक्षीच की!" मास्तर म्हणाले.

"नक्षी कसली? हट्ट त्याचा," गॅरेजवाले शेठ हसले. "रंगाचा नियम पाळत नाही. हाताला येईल ती तार टाकतो आणि वेढे देतो. बारा वर्षं बघतोय. एक वेढा गाडी चालू करायचा, दोन भोंग्याचे, तीन पुढच्या दिव्यांचे. डोळे मिटून सांगेन."

मास्तर आत्यांच्या कानाशी लागले. "याला वायरमनची जागा हवी असणार."

"हवीच आहे!" शेठचे कान तिखट होते. "त्या कोपऱ्यात मला हवेचा पंप बसवायचाय. म्हणून काय आबांच्या जिवावर उठेन, मास्तर?"

आत्या गंजकी तार निरखत होत्या. वरचं आवरण तडकलेलं, तांबं हिरवं. पण तिची दोन्ही टोकं ज्या स्क्रूंखाली दाबली होती, ते पितळी स्क्रू लखलखत होते. तारेला मधोमध एक ताठर बाक होता आणि त्या जागी वळायचं काही कारणच नव्हतं.

मग त्यांनी पायाखालची चटई उचलली. बोटभर लाल तार पडली होती. तिच्या एका टोकाला दोऱ्याचे तीन वेढे होते.

"अपघातानंतर गाडीला हात कोणी लावला?"

"फौजदारांनी. त्यांच्याआधी आबांची लेक आली होती, आबांचा चष्मा शोधायला. घरचं माणूस, अडवणार कसं?"

तिथून दोघं आबांच्या घरी गेले. लेकीचे डोळे रडून सुजले होते.

"किती सांगितलं त्यांना, नजर अधू झालीय, आता गाडी पुरे. बॅटरीची तार सोडली, तर पुन्हा जोडली. किल्ली लपवली, तर दुसरी काढली. काल मी न्हाणीघरात होते. गाडीचा आवाज आला, तशीच ओल्या केसांनी धावले. तोवर आबा फाटकाबाहेर गेले होते." तिने पदर तोंडाला लावला. "ती गाडी निघायलाच नको होती हो."

"चष्मा सापडला का त्यांचा?"

"चष्मा? तो तर डोळ्यांवरच होता की. काच फुटून भुवईत गेली."

मास्तरांनी हळहळून मान हलवली. आत्या भिंतीच्या फळीवरच्या पुस्तकांकडे बघत होत्या. सगळ्यांवर धूळ, जीपच्या माहितीपुस्तकावर नाही. हातात घेताच ते तारांच्या नकाशाच्या पानावर आपसूक उघडलं. व्हरांड्यात जुन्या तारांचं पोतं होतं. तोंड सुटलेलं.

पावणेचारला सगळे इस्पितळात, आबांच्या खोलीबाहेर जमले. फौजदार घड्याळ बघत होते.

"ती तार राहून गेलेली नाही, नंतर लावलेली आहे," आत्या म्हणाल्या. "इतकी गंजकी तार वर्षानुवर्षं तिथे असती, तर स्क्रूही हिरवे झाले असते. तिचा बाकही दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यातला. ती पोत्यातून आली. तिथली खरी तार ही." त्यांनी लाल तुकडा पुढे धरला. "नवी, वायरमनच्या हातची. कोणीतरी आधी ती कापली."

"दिवे बंद पाडायला!" मास्तर म्हणाले.

"तिथेच आपण चुकलो, मास्तर. पुस्तकात लाल तार गाडी चालू करायची आहे. वेढे ओळखणारे शेठ असं कधी चुकले नसते. ही तार कापणाऱ्याला वाटलं, गाडी सुरूच होणार नाही. आबांना घरात सुखरूप ठेवू पाहणारं ते माणूस. मग अपघात झाला, आणि घाबरून कापलेली तार काढून गंजकी लावली गेली. चष्मा शोधायच्या निमित्ताने. तो तर डोळ्यांवरच होता."

लेक मटकन बाकावर बसली. "आवाज आला तेव्हा कळलं, दुसरीच तार कापली गेली... मग बोगद्याचं कळलं. वाटलं, मीच मारलं त्यांना. आणि त्यात यांचं नाव बुडवलं." ती वायरमनपुढे वाकली, मग फौजदारांना म्हणाली, "साहेब, माझं नाव लिहा."

फौजदार वायरमनकडे वळले. "पण लाल तार दिव्यांना का? नियम सोडून?"

वायरमनने मान खाली घातली. आत्यांना उत्तर माहीत होतं, पण ते सांगायचा हक्क त्यांचा नव्हता. हे कळल्यावर वायरमनला काम कोण देणार?

मग तो स्वतःच म्हणाला, "साहेब, मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. जन्मापासून. म्हणून दोरे. बोटांनी मोजतो."

"छत्री!" मास्तर ओरडले.

"बारा वर्षं?" शेठ थक्क झाले. "आणि एक तार चुकली नाही?"

दार उघडून परिचारिका म्हणाली, "हळू बोला. आबांनी डोळे उघडलेत."

आतून क्षीण आवाज आला. "त्याला कोणी बोलू नका. मेणाच्या दोऱ्याची रिळं मीच आणून देतो त्याला. माहीत होतं मला." थोडा दम घेऊन ते पुन्हा म्हणाले, "आणि पोरीला आत पाठवा. किल्ली घेऊन जा म्हणावं."

लेक आत धावली. फौजदारांनी वही मिटली. तिचा जबाब उद्या घेऊ म्हणाले. शेठ घसा खाकरून वायरमनला म्हणाले, "पंप मागच्या भिंतीला बसवतो. तू उद्या वेळेवर ये."

मंडळी, गोष्ट संपली. एकच मागणं आहे. कधी एखाद्या बोगद्यात शिराल, बटण दाबाल आणि समोर उजेड पडेल, तेव्हा त्या वायरमनची क्षणभर आठवण काढा. लाल म्हणजे काय हे त्याला दिसलं नाही. पण तुमचा उजेड त्याने बोटांनी मोजून दिला.