निर्गंधी

त्या वर्षीचं चौथं वादळ ओसरलं, तेव्हा शर्वाणी तोडणकरच्या परसात दोन माड आणि ढोलीचा आंबा आडवे पडले होते. ढोलीतलं गांधीलमाश्यांचं पोळं फुटलं होतं आणि फांद्यांच्या ढिगाऱ्यात माश्या घोंघावत होत्या. मागच्या वादळानंतर असाच पालापाचोळा उपसताना तिच्या सासऱ्यांना त्या डसल्या. ते वाचले नाहीत. आता घरात तान्ही ईरा होती. परस साफ करणं भागच होतं.

गावात सगळ्यांनी ‘निर्गंधी’ लावली होती, तिचा नवरा निनाद यानंही. बाळंतपणामुळे शर्वाणीच तेवढी राहिली होती. ते मलम तयार करणाऱ्या डॉ. निखत परकार आरोग्यकेंद्रात आल्या होत्या.

“घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो,” त्या म्हणाल्या. “त्वचेवरचे जिवाणू घामावर जगतात, त्यातून प्रत्येकाचा वेगळा वास तयार होतो. मलमातले जिवाणू त्यांना हुसकावून तिथं कायमची वस्ती करतात. यांना वासच नाही. माश्यांच्या लेखी तुम्ही म्हणजे हलणारं लाकूड.”

“आणि विंचू?”

“त्याला हादरा कळतो. हातमोजे घाला, ओंडका काठीनं ठोकून मगच उचला.”

शर्वाणीनं मलम लावलं. काही दिवसांनी ती आणि निनाद परसात उतरले. एक गांधीलमाशी तिच्या मनगटावर बसली, चालली, उडून गेली. सासऱ्यांच्या आठवणीनं तिचे डोळे भरून आले.

पण तोवर ईरानं अंगावर पिणं सोडलं होतं. छातीशी घेतलं की नाकानं काहीतरी शोधायची आणि तोंड फिरवून रडायची. शर्वाणीनं डॉक्टरांना घरी बोलावलं.

“ती तुम्हाला वासानं ओळखत होती,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

“मग माझा वास मला परत द्या.”

“जुने जिवाणू आता उरले नाहीत. सवय होईल तिला.”

“तुम्हाला हे आधी ठाऊक नव्हतं?”

“आम्ही मोठ्यांवर तपासलं होतं. मोठी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात.”

सवय झाली. भुकेपुढे ईराचं काही चाललं नाही. ती पुन्हा पिऊ लागली, बाळसं धरू लागली. शेजारणी तिला उचलून न्यायच्या, तास-तासभर खेळवायच्या. एकदाही ती आईसाठी रडली नाही.

“नशीब काढलंस गो,” त्या शर्वाणीला म्हणायच्या, “किती गुणी पोर! कुणाकडेही जाते.”