दिवे लावून पाहिलं का?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या बाबतीत ती घडली ते माझे बाबा, आर्वीचे चंद्रभान मेकॅनिक. काही रचून सांगायचा त्यांना कंटाळा होता. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं. शेवटचं मी स्वतः पाहिलं.

१३ जानेवारी १९७९. संक्रांतीचा आदला दिवस.

मी सहा वर्षांची होते. मला घटसर्प झाला होता. गळा आतून बंद होत चालला होता. आर्वीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता सेवाग्रामला न्या, सकाळची वाट पाहू नका.

शेवटची एसटी गेली होती. बाबांच्या गॅरेजात प्रभाकरराव नावाच्या गिऱ्हाइकाची अॅम्बॅसॅडर उभी होती. तिचा डायनमो बाबांनी त्याच दुपारी दुरुस्त केला होता.

डायनमो म्हणजे चालत्या गाडीची बॅटरी भरत ठेवणारं यंत्र. हल्ली त्या जागी अल्टरनेटर असतो. तो नीट चार्ज करतो की नाही, हे पाहायची तेव्हाच्या मिस्त्र्यांची एक रीत होती. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीचा टर्मिनल, म्हणजे तिच्या तारेचं टोक, काढायचा. इंजिन चालत राहिलं तर डायनमो ठीक.

ही रीत बाबांना त्यांच्या उस्तादांनी, नत्थू मिस्त्रींनी शिकवली. काढलेला टर्मिनल कुठे लोखंडाला लागू नये म्हणून उस्ताद तो लाल फडक्यात गुंडाळून ठेवत. मग बॅटरीवर पान्हा दोनदा ठोकत. टक्. टक्. आणि ओठांतली विडी न काढता विचारत,

"दिवे लावून पाह्यलं का बे?"

दिवे लावल्याशिवाय डायनमोवर ओझं येत नाही. दिवे बंद असले तर लेचापेचा डायनमोही इंजिन चालवून दाखवतो.

त्या संक्रांतीच्या चार वर्षं आधी बाबांनी एक जीप तपासली होती. घाईत. दिवे न लावता.

ती जीप घेऊन उस्ताद वर्ध्याला निघाले. आंजीच्या पुढे, नाल्याजवळ, दिवे गेले. जीप अंधारात रस्त्यातच बंद पडली. मागून ट्रक आला.

उस्ताद जागीच गेले. लोक नशिबाला बोल लावून मोकळे झाले. काय राहून गेलं होतं, हे एकट्या बाबांना माहीत होतं.

त्यानंतर एकही गाडी त्यांनी दिवे लावून पाहिल्यावाचून सोडली नाही. त्या दुपारी मात्र माझ्या तापामुळे त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आई मागच्या सीटवर मला छातीशी उभं धरून बसली. माझ्या श्वासाची शिट्टी वाजत होती. बाबा त्या आवाजावर गाडी हाकत होते. शिट्टी ऐकू येते आहे, म्हणजे पोर आहे.

खरांगणा गेलं. अंधार पडला. बाबांनी दिवे लावले.

थोड्या वेळाने स्टिअरिंगसमोरचा लाल दिवा लागला... बॅटरी भरत नाही, असं सांगणारा.

दुपारी काय विसरलं, ते त्यांना तेव्हा आठवलं.

आंजी मागे पडली. रस्त्यावरचा उजेड पिवळा झाला... मग तांबूस... मग गेला. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबलं.

नाल्याजवळ. त्याच नाल्याजवळ.

इंजिन सुरू करायला बाबांनी पुढून हँडल मारलं. दहादा. वीसदा. तळहाताची सालं निघाली. दोन्ही बाजूंना कुणाच्या गाडीचा उजेड नाही.

"अहो," आई म्हणाली, "तिचा आवाज कमी होऊन राह्यला."

मग शिट्टी थांबली.

रातकिडेही थांबले होते. हे बाबांच्या नंतर ध्यानात आलं.

हँडल हातात तसंच धरून त्यांनी बॉनेटवर डोकं टेकवलं.

"उस्ताद, तवाबी चूक माहीच होती. आताबी माहीच हाय. तुमाले जे करायचं ते मले करा. पोरीले काऊन?"



वारासुद्धा पडलेला.

मग बॉनेटच्या आतून... टक्... टक्...

इंजिन सुरू झालं. हँडल बाबांच्या हातातच होतं.

दिवे लागले. इतके पांढरेफेक दिवे त्यांनी त्या गाडीला कधी पाहिले नव्हते.

आईला वाटलं, यांनीच सुरू केली. "चला ना आता," ती रडत म्हणाली. मागे शिट्टी पुन्हा वाजू लागली होती. अगदी बारीक.

लाल दिवा विझलेला होता. बाबांनी सेवाग्रामपर्यंत डावीकडच्या सीटकडे पाहिलं नाही. तिथून ग्रीसचा आणि विडीचा वास येत होता.

दवाखान्याच्या दारात लोकांनी मला उचलून आत नेलं. आई मागे धावली. बाबांनी चावी बंद केली.

इंजिन थांबलं नाही.

चावी काढून हातात घेतली.

इंजिन चालूच.

त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीचा टर्मिनल काढलेला होता... लाल फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेला.

डायनमोवर हात ठेवला. इतकं अंतर चालून आल्यावर तो चटका देईल इतका तापायला हवा. तो गारढोण होता.

दिव्यांचा झोत समोरच्या भिंतीवर तसाच होता.

बाबा हळूच म्हणाले, "उस्ताद, पोचलो."

इंजिन थांबलं. दिवे गेले.

आत डॉक्टरांनी माझ्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. तो व्रण अजून आहे.

बाबा गेल्या महिन्यात वारले. वर्ध्याजवळ सिंदी मेघे गावात, आमच्या घरी, संध्याकाळी सातच्या सुमारास. दोन दिवस त्यांची वाचा गेली होती. मी एकटीच उशाशी होते.

तेवढ्यात सगळ्या वस्तीची वीज गेली. पंखा थांबला. समोरच्या घरात कुणीतरी मेणबत्ती पेटवली.

बाबांच्या खाटेवरचा बल्ब मात्र... जळत होता.

मी उठून बटण बंद केलं.

बल्ब जळतच राहिला. खोलीत विडीचा वास आला. बाबांनी जन्मात विडी ओढली नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही. पायथ्याकडे पाहून स्पष्ट म्हणाले,

"उस्ताद, पोचलो."

बल्ब गेला.

वीज परत आली तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. गार.

उस्तादांनी त्यांना माफ केलं होतं, की इतकी वर्षं नुसती वाट पाहिली होती? विचारायला आता कुणी नाही.

त्या खोलीतलं बटण मी बंदच ठेवलं आहे. दिवेलागणीला दार ओढून घेते.

दाराखालच्या फटीकडे पाहत नाही.